चिठ्ठीचा कौल

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय, ते माझं मला ठाऊक नाही – पण आता सुरुवात केलीच आहे.

आमच्या शेजारच्या सुलूकाकूबद्दल आधी सांगते. म्हणजे तिने काय केलं ते. माझं नंतर.

बाबा गेले त्यानंतरची पहिली संक्रांत. काकूच्या हळदीकुंकवाचे लाडू दरवर्षी आई वळायची. त्या वर्षीही मिरजोळ्याच्या काजू कारखान्यातून अर्धी रजा टाकून गेली. पायरीवर पाऊल ठेवलं, तोच काकू सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "वयनी, तुम्ही मागल्या दारान या. आज सवाष्णी येणारत."

आणि आई गेली हो मागल्या दाराने! तिथे पाणचुलीपाशी बसून तिने शंभर लाडू वळले. मी दगडी गडग्याआडून बघत होते. काकूचा राग आलाच, पण आईचा जास्त आला. एक लाडू तरी तोंडावर फेकून मारायचा होतास ना? ते तिच्याच्याने झालं नाही. मग म्हटलं, मी बघते.

मी तेव्हा नववीत. त्याच महिन्यात आमच्या हायस्कुलात विज्ञानाच्या बाईंनी स्तनाच्या कॅन्सरची मोहीम काढली. गुलाबी फिती, घोषणा, भित्तिपत्रकं – आधी आम्ही मुली तो शब्द उच्चारताना खिदळायचो. मग सवय झाली. बायका तोंडाने विचारणार नाहीत, म्हणून बाईंनी युक्ती काढली. चपलांच्या खोक्याला गुलाबी कागद चिकटवून पेटी केली. प्रत्येकीने ती आपल्या वाडीत फिरवायची, बायकांनी बिननावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या. शनिवारी डॉक्टरीणबाई शाळेत येऊन एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचणार आणि उत्तर देणार.

आमच्या वाडीत पेटी मी फिरवली.

घरी आणून ती उघडली. उघडायची नव्हती – पण उघडली. एक चिठ्ठी कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेली. अक्षर बघताक्षणी ओळखलं. वाडीच्या देवळात पूजेच्या पाळीचा कागद काकूच लिहायची, जन्मभर तेच अक्षर वाचत आले होते. 'डाव्या बाजूस काखेजवळ आवळ्याएवढी गाठ आहे. दुखत नाही. दाखवायला हवी का?'

मला काय वाटलं असेल? भीती? दया? खरं सांगते, मला आनंद झाला. सगळ्या वाडीत नाक वर करून वागणारी ही बाई, आणि तिची गरज माझ्या मुठीत! चिठ्ठी मी कंपासपेटीत ठेवली.

शनिवारी काकू आली. ठेवणीतली साडी नेसून सतरंजीवर खांबाशी बसली. डॉक्टरीणबाई चिठ्ठी उघडायच्या की काकू पदर सावरायची. आपली नाही कळलं की मान खाली. पुन्हा पुढची. चौदा चिठ्ठ्या झाल्या. मी स्टेजच्या बाजूला उभी, कंपासपेटी हातात, आणि मनात म्हणत होते – बसा आता तुम्ही मागल्या दारात.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणखी कोणाचं काही राहिलं का? काकू बोलली नाही. मीही नाही.

लहान होते, कळत नव्हतं, असं म्हणू? कसं म्हणू? 'गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका' हे घरोघरी मीच तर सांगत फिरले होते. काकूच्या पायरीवर उभी राहूनसुद्धा.

गणपतीत काकूला आरतीचं ताट उचलवेना. मग मुंबईला नेलं, उपचार झाले, आणि तिकडच्यांनी घरी पाठवलं. आई रोज तिला पेज न्यायची, पुढल्या दाराने. एकदा मी डबा घेऊन बरोबर होते. तेव्हा काकू आईला म्हणाली, "मी चिट्टी टाकलेली हो, वयनी. मनात कौल लावलेला. वाचलीन तर दाखवायचं, नाय वाचलीन तर काय नाय. देवान कौल दिलान, म्हटलं."

आमच्याकडे देवाला फूल लावतात आणि ते कुठल्या बाजूला पडतं त्यावरून लग्नं ठरतात, विहिरी खणल्या जातात. कौल मिळाला की माणूस निर्धास्त होतो. काकू आठ महिने निर्धास्त होती.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पेटी हीच घेऊन आलेली. गुणाचं हो तुमचं चेडू."

मी वाटीत पेज ओतली.

संक्रांतीआधीच काकू गेली. चिठ्ठी मी त्याआधीच चुलीत घातली होती. वाडीत बोभाटा झाला तो डॉक्टरीणबाईंचा – चिठ्ठी वाचली नाही म्हणून. पुढच्या वर्षी वाडीतल्या एकाही बाईने पेटीला हात लावला नाही, आणि मोहीम बंद पडली.

वाटतं का काही? वाटतं. पण ती पायरी आठवली की राग अजून तसाच वर येतो, आणि तो आला की मला बरं वाटतं. हेही सांगायचं होतं.

आई अजून संक्रांत आली की त्या डॉक्टरीणबाईंना शिव्या घालते. मी शेजारी बसून तीळ निवडते.