अनाथ पॅकेज

सकाळी पडद्यावर विनायकच्या पॅकेजपुढे शब्द दिसला: अनाथ. सांभाळणारं कुणी उरलं नाही की सॉफ्टवेअरला आमच्यात असंच म्हणतात, बिनदिक्कत. विनायक गेल्यावर, अजून घडत असलेल्या नव्या आवृत्तीतून तक्रारींसाठी दिलेलं त्याचं नाव निघालं. लोक रोज वापरतात त्या स्थिर आवृत्तीत मात्र ते तसंच आहे. स्थिर म्हणजे जिला नुसत्या नावासाठी आता कुणी हात लावणार नाही.

दुपारी त्याच्या बायकोचा फोन आला. "भाऊजी, तक्रारींचे मेल अजून ह्यांनाच येतात."

"ती आवृत्ती बंद झाली की थांबतील, वहिनी."

"मग राहू दे चालू," ती म्हणाली.

संध्याकाळी मी ते पॅकेज दत्तक घेतलं. घडत्या आवृत्तीत आता माझं नाव आहे. तीही कधीतरी स्थिर होईल.