तिसऱ्या लेव्हलचा अभंग

माझ्या वडिलांनी सिडकोतल्या आमच्या कॉलनीच्या दत्तमंदिरात शंभरेक माणसांसमोर एका व्हिडिओ गेमच्या तिसऱ्या लेव्हलची धून अभंग म्हणून गायली. अतिशय भक्तिभावाने गायली. जबाबदार मी होतो.

तो गेम आमच्या घरी आला तेव्हा मी नववीत होतो. मामाने आणून दिला होता. टीव्हीला जोडायचा एक काळा डबा, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर शेकडो गेम असल्याचं छापलं होतं. (प्रत्यक्षात वीसच होते, बाकीचे तेच वीस नावं बदलून परत यायचे.) त्यातला सत्तेचाळीस नंबरचा गेम माझा. एक होडी, एक नदी, मगरी, खडक आणि तिसऱ्या लेव्हलला धबधबा. पण खरी गंमत होती ती मागे वाजणाऱ्या संगीतात. तिसऱ्या लेव्हलला अशी काही धून लागायची की होडी बुडाली तरी वाईट वाटायचं नाही, कारण ती परत पहिल्यापासून ऐकायला मिळायची. माझी होडी तिथे रोज बुडायची. चौथी लेव्हल मी कधी पाहिलीच नाही.

दहावीच्या पहिल्या चाचणीत गणिताने माझी होडी बुडवली. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, डबा लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि म्हणाले, "दहावीनंतर बघू." दहावीनंतर बारावी आली, बारावीनंतर कॉलेज आलं. कुणी काही बघितलं नाही.

पुढे मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागलो. क्लासच्या खालीच सायबर कॅफे होता. एकदा सहज शोधता शोधता मला एक वेबसाइट सापडली आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो. जगभरातली माणसं जुन्या गेमच्या धुना घेत होती, त्या आपापल्या पद्धतीने नव्याने बांधत होती, कुणी गिटारवर, कुणी पियानोवर, एकाने तर चर्चच्या ऑर्गनवर, आणि तिथे टाकत होती. बाकीचे त्या ऐकून खाली मत लिहीत होते. आणि त्या यादीत माझी होडी होती! हेडफोन लावला, धून सुरू झाली आणि अंगावर काटा आला. एवढी वर्षं मला वाटत होतं, ही धून आठवणारा जगात मी एकटाच आहे.

वाजवता मला काहीच येत नव्हतं, म्हणून मी समीक्षक झालो. रोज क्लास सुटला की खाली जाऊन मतं द्यायचो. "तुमचा बेस चिखलात रुतलेला वाटतो." "व्हायोलिन रडतंय, पण का रडतंय ते कळत नाही." लोक उत्तरं द्यायचे, वाद घालायचे, मला अगदी आपण कुणीतरी झाल्यासारखं वाटायचं. मग फिनलंडच्या एका बासरीवाल्याने लिहिलं, "तुमची मतं मी नेहमी वाचतो. तुमची स्वतःची एखादी रचना ऐकायला आवडेल." इतक्या सभ्य शब्दांत माझा अपमान आजवर कुणी केलेला नाही.

मी इरेला पेटलो. घरी एक जुना कॉम्प्युटर होता आणि एका विद्यार्थ्याने वापरायला दिलेला गाण्याचा छोटा कीबोर्ड. चार दिवस खपून मी होडीची धून वाजवली. ऐकल्यावर कळलं की हे लिफ्टचं दार उघडं राहिल्यावर वाजतं त्यातलं काहीतरी आहे. खरं वाद्य हवं होतं. आणि खरं वाद्य घरातच होतं, अण्णांची पेटी.

अण्णा ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले होते. नोकरीभर तपासणी खात्यात, त्यामुळे केसाएवढा फरकही त्यांना दिसायचा आणि सुराचा फरक तर त्याच्या आधी ऐकू यायचा. कॉलनीच्या भजनी मंडळाचे ते मुख्य. लहानपणी त्यांनी मला गाण्याच्या क्लासला घातलं होतं. तीन महिन्यांनी गुरुजी स्वतः घरी आले आणि मला परत देऊन गेले.

"अण्णा, एक चाल वाजवून द्याल का पेटीवर?"

"कुणाची?"

इथे खरं सांगायला हवं होतं. पण 'गेम' हा शब्द ऐकताच पेटीचं झाकण बंद झालं असतं, हे मला माहीत होतं.

"माझी," मी म्हणालो.

अण्णांनी चष्मा काढला. "तू बांधलीस?"

"हो."

"कशी सुचली?"

"डोळ्यांसमोर एक होडी आली," मी म्हणालो. एवढं मात्र खरं होतं.

मी गुणगुणलो, अण्णांनी सूर शोधले. दुसऱ्या वेळेला त्यांनी त्यात एक छोटी सुरेल हरकत घेतली. तिसऱ्या वेळेला डोळे मिटले. वाजवून झाल्यावर बराच वेळ भात्यावर हात ठेवून बसले.

"ही मध्येच लय दुप्पट होते, ती का रे?"

"वेळ संपत आलेला असतो," मी म्हणालो. (स्क्रीनच्या कोपऱ्यातला.)

"आयुष्याचा," अण्णा म्हणाले. मी मान डोलावली.

"आणि शेवटचे हे पाच सूर, पायऱ्या उतरल्यासारखे?"

"तिथे होडी बुडते."

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्यांनी माझ्या दहावीच्या, बारावीच्या किंवा कुठल्याच निकालाच्या दिवशी पाहिलं नव्हतं. "नंदू," ते म्हणाले, "हे फार खोल आहे."

दुसऱ्या दिवशी ही बातमी मंडळात गेली. तिसऱ्या दिवशी पखवाज वाजवणारे खैरनार काका पखवाज घेऊनच घरी आले. ते मूळचे सटाण्याकडचे. चाल ऐकली आणि म्हणाले, "भारी शे भो, लय भारी शे." चौथ्या दिवशी अण्णांनी चालीवर शब्द रचले. डोलते ही नाव, सावर रे देवा, अशी सुरुवात होती.

"अण्णा, ही चाल घरातच राहू दे ना," मी म्हणालो. "कच्ची आहे अजून."

"विनय चांगला," अण्णा म्हणाले, "पण इतका नको. दोन आठवड्यांनी गुरुवारी मंदिरात म्हणायची आहे."

पुढचे दोन आठवडे आमच्या हॉलमध्ये तालीम चालली आणि माझी अवस्था विचित्र झाली. आपण पकडले जाणार असं वाटायचं आणि त्याच वेळी आनंदाने नाचावंसं वाटायचं. कारण काय सुंदर वाजत होतं ते! पेटी, पखवाज, टाळ, आठ म्हाताऱ्यांचा खडा आवाज, आणि या सगळ्यांतून माझी होडी डौलात चाललेली. अख्ख्या वेबसाइटवर याच्या जवळपास जाईल असं काही नव्हतं. मी हेडफोनचा माईक पडद्याच्या दांडीला टांगला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. एकदाच तालीम मध्ये थांबली. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली, म्हणाली, "शेवटी एक सूर राहतोय तुमचा," आणि परत आत गेली.

"हिला काय कळतंय," अण्णा म्हणाले, आणि पुढे सुरू झाले.

गुरुवार आला. संध्याकाळच्या आरतीनंतर मंदिर भरलं होतं. अण्णांनी पेटीवरून हात जोडले आणि सांगितलं, "आज नवीन चाल आहे. आमच्या चिरंजीवांची." सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी दत्ताकडे बघत राहिलो, पण तिकडून काही मदत दिसेना.

पहिलं कडवं सुरू झालं. मागच्या रांगेत कॉलनीतली माझ्याच वयाची मंडळी भिंतीला टेकून बसली होती. दुसऱ्या ओळीला त्यांच्या माना वर झाल्या. तिसऱ्या ओळीला शेजारच्या बिल्डिंगमधल्या सुनीलचे दोन्ही अंगठे मांडीवर आपोआप हलायला लागले, डावा, उजवा, डावा. माझ्या लक्षात आलं की मामा फक्त मलाच नव्हता. ती पिवळी कॅसेट त्या काळात कॉलनीतल्या घराघरांत होती.

लय दुप्पट झाली. खैरनार काका रंगात आले. मागची रांग सावरून बसली. मग ते पाच सूर एकेक पायरी उतरले, आणि मागून चार-पाच जण एका आवाजात म्हणाले, "मेला."

मोठ्याने नाही, लहानपणी होडी बुडाली की म्हणायचो त्या सवयीने. शिंक आल्यासारखं.

अण्णांची भुवई वर गेली, पण बोटं थांबली नाहीत. दुसरं कडवं. सावर रे देवा. पाच सूर. "मेला." आता दहा-बारा जण होते. तिसऱ्या कडव्याला त्यांच्या लहान बहिणीही सामील झाल्या, आणि त्यांना थांबवायला निघालेल्या एक काकू स्वतःच म्हणून गेल्या. खैरनार काकांनी पखवाजावरचा हात उचलला.

"कोन मेला?" त्यांनी घाबरून विचारलं.

कुणी मेलं नव्हतं, फक्त मला मरावंसं वाटत होतं. तेवढ्यात सुनील पुढे आला आणि अण्णांच्या देखत माझा हात हातात घेऊन म्हणाला, "नंद्या, तिसरी लेव्हल ना? अरे, मी पण कायम तिथंच अडकायचो."

घरी आल्यावर अण्णांनी चपला काढल्या, पेटी जागेवर ठेवली आणि मग विचारलं, "तिसरी लेव्हल म्हणजे काय?"

"अण्णा, ते म्हणजे एक तांत्रिक…"

"होडीच्या गेममधली तिसरी लेव्हल आहे ती," आई पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली. "धबधब्याची. तिथे बुडतात सगळे."

आम्ही दोघंही एकदम तिच्याकडे वळलो.

"तुला काय माहीत?" अण्णांनी विचारलं.

"अहो, कपाटाची किल्ली माझ्याचकडे नव्हती का? हा दहावीच्या क्लासला जायचा, तुम्ही ओझरला. दुपारी करायचं काय मी? सातव्या लेव्हलपर्यंत गेले होते. आणि बुडताना सहा सूर आहेत, पाच नाहीत. मी तेव्हाच सांगितलं होतं."

मी ज्या वर्षी त्रिकोणमितीशी झुंजत होतो, त्या वर्षी माझी आई रोज दुपारी मगरी चुकवत होती, हे पचवायला मला वेळ लागला. पण अण्णांचा चेहरा बघून हसू आलं नाही. त्यांना गेमचं काही वाटलं नव्हतं. "चिरंजीवांची" म्हणताना त्यांचा आवाज किती भरून आला होता, ते मला आठवलं. दोन दिवस त्यांनी पेटीला हात लावला नाही. मी एकदा माफी मागितली, त्यांनी "हं" केलं.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनीच विषय काढला.

"मूळ चाल कुणाची?"

"कुणा जपानी माणसाची, गेम तिकडचा आहे. नाव कुणालाच माहीत नाही. त्या गेममध्ये लिहिलेलंच नाही."

"म्हणजे त्या बिचाऱ्याचं नाव तेव्हाही कुणी घेतलं नाही, आणि आपणही घेतलं नाही." अण्णांनी कप खाली ठेवला. "हे बरोबर नाही झालं."

पुढच्या गुरुवारी त्यांनी मंदिरात उभं राहून सांगितलं, "मागच्या खेपेला मी चुकीचं बोललो. ती चाल आमच्या चिरंजीवांची नाही. जपानमधल्या एका थोर गृहस्थांची आहे. चिरंजीवांनी ती फक्त चोरली." मग सहा सुरांसकट ती पुन्हा म्हटली. मागच्या रांगेने सहाव्या सुरावर बरोबर आपलं काम केलं, आणि या वेळी अण्णा हसले.

मी विचारायच्या आधीच त्यांनी विचारलं, "ते तुझं परदेशी लोकांचं मंडळ आहे, त्यांना पाठवायचं ना? मग नीट करू." आणि नीट म्हणजे तपासणी खात्यासारखं नीट. आई मध्ये खुर्ची टाकून बसली. कुठे सूर कमी, कुठे जास्त, कुठे मगर येते, सगळं ती सांगायची. मग तिने सातव्या लेव्हलची धून आठवून आठवून गायली. मी ती जन्मात ऐकली नव्हती. इतकी देखणी की खैरनार काकांनी तीनदा म्हणायला लावली. आम्ही दोन्ही धुना एकत्र गुंफल्या. मध्ये आठ ओळी मी हट्टाने कीबोर्डवर वाजवल्या. शेवटी रचना तर माझी होती.

गाणं चढवायला सायबर कॅफेत अख्खी दुपार गेली. तीन दिवसांनी मी मतं छापून घरी आणली आणि सगळ्यांसमोर मराठीत वाचायला घेतली. हॉलमध्ये मंडळ जमलं होतं. ब्राझीलच्या एकाने लिहिलं होतं, पेटीवाल्यांच्या बोटांना नमस्कार. कॅनडाच्या बाईंनी लिहिलं होतं, तो मोठा ढोल वाजवणारे गृहस्थ कुठे शिकले? खैरनार काका लाजले. फिनलंडचा बासरीवाला म्हणत होता, सातवी लेव्हल गाणाऱ्या बाईंचा आवाज ऐकून मी उभा राहिलो. आईने पदर सारखा केला.

"आणि?" अण्णा म्हणाले. "खाली अजून एक ओळ दिसते आहे."

"ती किरकोळ आहे."

अण्णांनी कागद माझ्या हातातून घेतला. इंग्रजी त्यांचं कारखान्यातलं, पण पक्कं होतं. ते सावकाश, प्रत्येक शब्द तपासत वाचू लागले. "सगळं अप्रतिम. फक्त मध्येच आठ ओळी कुणीतरी खेळणं वाजवतं आहे. घरात लहान मूल असेल तर रेकॉर्डिंगच्या वेळी त्याला दुसऱ्या खोलीत ठेवावं."

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो.

पुढच्या रेकॉर्डिंगला मला कुणी दुसऱ्या खोलीत पाठवलं नाही. आईने माझ्या हातात टाळ दिले, मला खैरनार काकांशेजारी बसवलं आणि हळूच सांगितलं, "वाजवू नकोस. नुसते धर."