"माजा सातत्य झाला!"

कोळंबीची सालं घमेल्यात साठतात ना, तसे आमच्या शेडमध्ये किस्से साठतात. फरक एवढाच, सालं संध्याकाळी टेम्पो घेऊन जातो. किस्से आम्ही घरी नेतो!

शेड रेवदंड्याच्या अलीकडे. आम्ही बायका कोळंबी सोलतो, नितीन सर प्रत्येकीच्या ट्रेचं वजन करतात आणि कॉम्प्युटरवर ग्राफमध्ये प्रत्येकीची रेघ काढतात. त्यांनी बजावलं, "एक दिवस ढीगभर, एक दिवस मूठभर, चालणार नाही. सातत्य पाहिजे. रोज सारखं!"

शेजारच्या सुगंधाआक्कांचा हात म्हणजे मशीन. दुसऱ्या दिवशी दुपारीच त्या हातमोजे काढून भिंतीला टेकल्या. सर धावले. "बरं नाही का?"

"बरी हाय की! कालच्याएवढा सोलला. माजा सातत्य झाला!"

*

एकदा मुंबईहून ऑफिसच्या मॅडम आल्या. "ह्या आठवड्यात सगळ्यांच्या रेघा खाली का? साथ होती का?"

आक्का म्हणाल्या, "व्हय मॅडम. गणपती आलेले!"

*

मी तेव्हा तात्पुरती होते. रेघ सरळ राहिली तरच कायम करणार. पण माझी चिऊ वर्षाची, घरी सासूबाईंजवळ. तिच्या काळजीनं माझा हात मध्येच थांबायचा. सर म्हणायचे, "ताई, ही रेघ आहे का कशेडी घाट?"

त्यात अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, चिऊच्या वजनाची रेघ वर जायला हवी. घरी सांगितलं तर नवरा विचारतो, "आणि माझी?"

म्हटलं, "नाइट करून आलात, तुमची आडवीच बरी. झोपा!"

*

खरंच, मला माणसं चांगली मिळाली. नाहीतर शेवटच्या दिवशी माझं काही खरं नव्हतं.

त्या दिवसाचं वजन बघून कायम करायचं ठरणार, आणि सकाळीच चिऊला ताप. सरांना सांगायची हिंमत झाली नाही. शेडमध्ये फोन चालत नाही, म्हणून मी सारखी गेटवर. शेवटी सासूबाई ओरडल्या, "पेज प्यायली, निजली. आता फोन केलास तर उचलणार न्हाय!"

संध्याकाळी माझा ट्रे काट्यावर ठेवला. रोजच्यापेक्षा किती तरी जास्त! मी गेटवर असताना प्रत्येकीनं गुपचूप एकेक मूठ टाकलेली. प्रत्येकीला वाटलं, आपणच एकटी टाकतोय!

"आजवर इतकं कोणी सोललं नाही," सर म्हणाले. "रेघ छपराला लागेल."

आक्का पुटपुटल्या, "मेल्यांनो, इचारायचा तरी!"

सरांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग माझ्या ट्रेमधून एक मूठ उचलून आक्कांच्या ट्रेमध्ये टाकली. दुसरी मूठ पलीकडचीच्या. नजर काट्यावर. काटा रोजच्या जागी आल्यावर हात झटकले.

"बरोबर आहे. पुढचा ट्रे आणा."

आणि मान खाली घालूनच विचारलं, "पोरीचा ताप उतरला का?"