अंगावरचं तोडलं

लातूर जिल्हा झाला, कलेक्टर आला, लाल दिव्याची गाडी आली; पाऊस तेवढा आला नाही. दुसरं साल कोरडं चाललं होतं. उदगीरकडच्या त्या गावातली निम्मी माणसं रोजगार हमीतल्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसलेली. त्यात चंद्रप्पाची बायको शिवकांताही होती. सात महिन्यांचा वीरण्णा बाभळीला बांधलेल्या झोळीत असायचा आणि झोळीपाशी सासू रत्नम्मा. लेकरू रडलं की शिवकांता हातोडा टाकून त्याला पाजायची. घरात भाकरीची मारामार, पण पोरगं त्या दुधावर गुटगुटीत होतं.

एका सकाळी तिला कोरडी ओकारी आली. टँकरचं गढूळ पाणी आणि रिकामं पोट, दुसरं काय होणार! पण रत्नम्मानं ते पाहिलं. बाळंतपणानंतर पाळी एकदा येऊन पुन्हा थांबलीय, हेही तिला ठाऊक होतं. झालं, म्हातारीनं निकाल देऊन टाकला.

"दिस गेलेत तुला. आता लेकराला तोंडाला लावू नको. पोटुशीचं दूध इख असतंय."

"आत्याबाई, मला न्हाई वाटत तसं."

"तुला काय कळतंय? माझा थोरला असाच गेला. मी पाजत राहिले, आन् गेला."

रत्नम्मा दुष्ट नव्हती हो! दुष्ट असती तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. नातवावरून जीव ओवाळून टाकणारी बाई ती. तिनं सुनेला गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, तिच्या छातीला कडुलिंबाचा पाला वाटून फासला आणि नातवाच्या तोंडात रेशनच्या ज्वारीची पेज घातली.

पहिले चार दिवस शिवकांताची छाती दगड झाली. खडीच्या ढिगाआड जाऊन ती दूध मातीत पिळायची आणि दहा हातांवर वीरण्णा भुकेनं टाहो फोडायचा. अरे, काय म्हणावं ह्याला! दुष्काळात दुधाचा घोट कुणाच्या नजरेला पडत नव्हता आणि ही बाई ते मातीला पाजत होती. एकदा तिनं त्याला उचललंही, चोळीच्या गाठीला हात घातला. मग शपथ आठवली, म्हातारीचा थोरला आठवला. ठेवलं परत झोळीत.

पंधरा दिवसांत दूध आटलं. वीरण्णाला हगवण लागली. पेज जशी आत जायची, तशी बाहेर यायची. रत्नम्मानं विभूती लावली, नवस बोलले, कुणाकुणाच्या दारात पदर पसरून वाटीभर शेळीचं दूध आणलं. पोराची नुसती हाडं-कातडं राहिली.

आणि विसाव्या दिवशी, खडी फोडता फोडता, शिवकांताला पाळी आली.

ती तशीच उठली. मुकादम मागून "ए बाई, हजेरी कापीन!" म्हणून ओरडत राहिला. तिनं झोळीतून पोर काढलं आणि सगळ्यांदेखत छातीशी धरलं.

"अगं, शपथ!" रत्नम्मा किंचाळली.

"कशाची शपथ? पोटात काय न्हवतंच, आत्याबाई! काय न्हवतंच!"

म्हातारी दोन्ही हातांनी तोंडात मारून घेऊ लागली.

उपाशी बाईची पाळी अशीच थांबते, असं लस टोचायला आलेल्या नर्सबाईनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. "ओढू द्या त्याला, दूध परत येईल," असंही म्हणाली. चंद्रप्पानं पोराला उदगीरला नेऊन सलाईन लावून आणलं. शिवकांता उठता-बसता त्याला छातीशी धरून होती. सुरुवातीला तो ओढायचा, पण आत काही नसायचं.

सहाव्या दिवशी पान्हा फुटला. चोळी भिजली. पण वीरण्णाच्या अंगात आता ओढायचं बळ उरलं नव्हतं. तिनं दोन बोटांनी पिळून दूध त्याच्या ओठांवर सोडलं. ते आत गेलं नाही, गालावरून मानेत ओघळलं. रत्नम्मा पदरानं पुसत होती. पुसता पुसता तिचा हात थांबला. गाल गार पडला होता.

"पोरी, ऱ्हाऊ दे आता," ती म्हणाली.

शिवकांता पिळतच राहिली.