जाळीतला एक नंबरचा शिंपला

आधीच सांगून ठेवते. चौकात कोणी उतरवून टाकलेलं लिंबू मी उचलून सरबत करीन, अशी मुलगी आहे. करणी, अंगात येणं, 'बाहेरचं' — या सगळ्याविरुद्ध मी स्वतः पत्रकं लिहिलीत आणि वाटूर फाट्यावर भर उन्हात वाटलीत. त्यामुळे 'तुझ्या मनाचे खेळ असतील' हे मला सांगू नका. ते वाक्य आजवर मीच लोकांना ऐकवत आलेय.

हे घडलं ती जागा वाटूरपासून स्कूटीवर अर्ध्या तासाची. जुना तलाव, वरच्या अंगाला एक कारखाना, आणि त्याचा नाला सरळ तलावात! उन्हाळ्यात पाणी हटलं की काठचा गाळ उघडा पडतो, त्यात शिंपले असतात. चार-पाच घरं त्यावर उन्हाळा काढतात — मांस कोंबड्यांना, टरफलं चुन्याला. आता शिंपले संपत चाललेत. कारखान्याच्या साहेब लोकांचं उत्तर काय, तर "पक्षी खातात, मॅडम." वा! पक्षी काय परवा जन्मले?

म्हणून एप्रिलमध्ये मी प्रयोग मांडला. चाळीस शिंपले; वीस जाळीच्या पिंजऱ्यात, वीस बाजूलाच उघड्यावर. पक्षी खात असतील तर जाळीतले वाचतील. पाणी विषारी असेल तर दोन्हीकडचे मरतील — तोंड उघडतील, आत मांस सडेल. हा कागद ग्रामसभेत ठेवून नाला बंद करायला लावीन, असा शब्द मी शेवंतामावशींना दिला होता. त्यांचा जन्म या गाळात शिंपले वेचण्यात गेलाय.

करवतीच्या पात्याने मी टरफलांवर नंबर कोरत होते. पहिल्यावरच पातं घसरलं, 'एक'वर तिरका ओरखडा उठला. फोटो काढला... आणि मावशींनी तो शिंपला माझ्या हातून घेऊन लांब पाण्यात भिरकावला.

"मावशी! अहो, नंबर टाकला होता त्यावर!"

"पयला व्हता त्यो. पयला तळ्याचा. ठेवून घ्यायचा न्हाई."

"कोणी सांगितलं असं?"

"समदंच तुमच्या पत्रकात छापून येतं का, बाई?"

मी चिडले. यादीत एकपुढे 'गेला' लिहिलं. जाळीत राहिले एकोणीस.

जाळीला मी कुलूप लावलं. कारखान्याचा वॉचमन दोनदा माझे फोटो काढताना दिसला होता. हे लोक काहीही करतील. किल्ली माझ्या गळ्यात. मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. "कुलूप? शिंपले पळून चाल्ले का काय?"

चौथ्या दिवशी सगळे ठीक. बोट लावलं की खटकन मिटत होते. पाणी तोवर मागे गेलं होतं, भोवती नुसता ओला गाळ. परतताना मी फळीने तो सारखा करत मागे आले. कोणी आलंच, तर पाऊल उठलंच पाहिजे.

आठव्या दिवशी, सकाळी अकरा. पक्ष्यांच्या पायांचे ठसे जाळीपर्यंत येऊन परत गेलेले. माणसाचा एकही नाही. कुलूप तसंच. उघडलं, मोजले... वीस. परत मोजले. वीसच!

एकोणीस घट्ट मिटलेले होते. एक सुरीने उघडला. आत काही नाही. मांस नाही, वास नाही, गाळाचा कण नाही. कोरडा, चकचकीत. दुसरा, तिसरा... सगळे तसेच. शिंपला कोणी खाल्ला तर फुटतो, मेला तर उघडतो. मिटून रिकामा होत नाही.

विसावा जिवंत होता. नंबर एक. फोटोशी लावून पाहिला — तोच तिरका ओरखडा.

उघड्यावरचे? पाच पक्ष्यांनी फोडलेले, पंधरा धडधाकट.

मी तडक मावशींचं घर गाठलं. "तुम्हीच टाकलात ना तो?"

"मी चार दिस लेकीकडं गेल्ते, जालन्याला. आज सकाळच्यालाच आले. इचार तिला." मी तिथल्या तिथे लेकीला फोन लावला. खरं होतं. मावशींनी एवढंच विचारलं, "जित्ता हाय का?"

"आहे."

"मंग सोडून ये त्याला. जल्दी."

सोडला. वाद घालायचं त्राण नव्हतं.

ग्रामसभेत एक ओळ पुरली असती — 'जाळीतलेही मेले, म्हणजे पाणीच विषारी.' उघड्यावरच्या पंधरांबद्दल कोण विचारणार होतं? पण आकडे दडवायचे तर मी त्यांच्याहून वेगळी कशी? जे दिसलं ते वाचलं. साहेब हसले. "मॅडम, आता भुतं पण शिंपले खायला लागली का?" सगळी सभा हसली. मावशी सोडून.

बाहेर त्या म्हणाल्या, "खोटं बोलली असतीस तर नाला बंद झाला असता गं."

"माहितीय, मावशी."

"न्हाई... बोलली न्हाईस ते बराबर केलंस." आणि टोपलं उचलून गेल्या. टोपलं रिकामंच होतं.

प्राणिशास्त्राच्या एका सरांना टरफलं दाखवली. ते म्हणाले, कोणीतरी चेष्टा केलीय. कोणी? कुठून येऊन? माझा वॉचमनवरचा संशय अजून गेलेला नाही. पण त्याचे पाय गाळात उठत नाहीत, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

नाला वाहतोच आहे. म्हणून मी प्रयोग पुन्हा मांडलाय. तीच जाळी, तेच कुलूप, तीच फळी. फक्त यावेळी यादी दोनपासून सुरू होते. पहिला हाताला लागला तो मीच पाण्यात टाकला.

मावशी तेव्हा तिथे नव्हत्या.