फोटोत न मावलेली सुनंदा

सुनंदा गेल्याचं मिलिंदने मला ऑफिसात फोन करून कळवलं. तिचा नवरा तो, पण "गेली" एवढंच म्हणाला, आणि मी म्हणाले, "बरं." बरं! आजही त्या शब्दाचा मला संताप येतो. बातमी येणार हे महिनोन् महिने ठाऊक असतं, तरी ती येते तेव्हा तोंडातून भलतंच काहीतरी निघतं. त्याला आता दीड महिना होऊन गेला...

२००१ मध्ये ती अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला आली. मुंबईत चित्रकला शिकलेली, पोर्ट्रेटमध्ये वर्गात पहिली येणारी बाई, आणि नवऱ्याच्या व्हिसावर आल्यामुळे इथे नोकरीची परवानगी नाही. मिलिंद गाड्यांच्या कंपनीत, छोटी इरा शाळेत, आणि ही बेसमेंटमध्ये रंग घेऊन बसलेली. आमची मैत्री झाली तशी शनिवारी मला गाडी काढायला लावून डेट्रॉइटच्या म्युझियममध्ये न्यायची. खाली आफ्रिकी मुखवट्यांचं दालन होतं आणि वर युरोपातली आधुनिक पोर्ट्रेट्स. "हे नाक बघ. आता वर चल," म्हणत ती मला जिन्यावरून अशी पळवायची की माझे गुडघे बोलू लागायचे. वर एका बाईच्या चित्रात खरोखरच तेच नाक असायचं, कपाळापासून सरळ खाली उतरलेलं. डोळ्यांच्या नुसत्या फटी, गाल तासून सपाट केलेले. "ती बाई चिडली नसेल का गं हे बघून?" मी एकदा विचारलं, तर माझ्यावरच चिडली. शंभरेक वर्षांपूर्वी पॅरिसच्या चित्रकारांनी वसाहतींतून आणलेले हे मुखवटे पाहिले आणि पोर्ट्रेट हुबेहूब असण्यातून सुटलं, असं तिने मला तिथेच उभ्या उभ्या शिकवलं. पण तिचा खरा राग वेगळाच होता. वर प्रत्येक चित्राखाली चित्रकाराचं नाव, आणि खाली नुसतंच 'लाकूड, रंग'. "चेहरा उचलला यार, आणि नाचणारा माणूस तिथेच सोडला," ती म्हणायची. "हे घालून, नाचून कोणीतरी देवाला, गेलेल्या माणसाला बोलवायचं. यांनी आकार सुरेख बघितला, मान्य. पण हा चेहरा कशासाठी आहे, हे विचारायचं राहूनच गेलं."

ते मला नीट कळलं ते तिच्या घरच्या गौरींत. गौरीचा पितळी मुखवटा हातात धरून ती दारातून आत यायची आणि रीतीप्रमाणे तिला सगळं घर दाखवायची. फ्रिज, वॉशिंग मशीन, गराज, काही म्हणून सोडायची नाही. "हिचा चेहरा कोणासारखा आहे, असं कधी विचारलंस का?" ती म्हणाली. "नाही ना? तरी ती आली, असं आपण म्हणतोच."

मग काही वर्षांनी आजार आला. औषधांनी चेहरा सुजला, भुवया गेल्या, एक गाल ओघळल्यासारखा झाला. कोणी कॅमेरा काढला की ती पाठ फिरवायची, आणि त्याच दिवसांत तिने स्वतःचं पोर्ट्रेट सुरू केलं. गेरूचा रंग, लांब नाक, मिटल्यासारखे डोळे, कपाळावर बारीक रेघा. मिलिंदला ते बघवेना. "सुनंदा, इरासाठी एक साधा छान फोटो काढून ठेवूया ना," तो अजिजीने म्हणाला. ती म्हणाली, "फोटोत मी आजारी दिसेन, नाहीतर आजारी नसल्यासारखी दिसेन. दोन्हीत मी नाही." तिला एकच हवं होतं. हा चेहरा इराने आपला म्हणायला हवा, आणि तेही ती असेपर्यंत. तेरा वर्षांच्या पोरीकडून हे मागणं मला क्रूर वाटत होतं, आणि तसं मी तिला सांगितलंही. ती ब्रश धूत राहिली.

इरा बेसमेंटमध्ये जायचीच बंद झाली. कपडे धुवायला टाकायचे असले तरी जिन्यावरून खाली भिरकावायची. एका दुपारी सुनंदाने तिला हाक मारली. मी तिथेच होते. इरा शेवटच्या पायरीपर्यंत आली, कठडा घट्ट धरून. चित्र पूर्ण झालं होतं. ड्रायर तेवढा फिरत होता. मग इरा म्हणाली, "दॅट्स नॉट यू. यू आर हायडिंग." सुनंदाने तोंड उघडलं, पण तिला धाप लागली, आणि ती थांबेपर्यंत पोरगी वर निघून गेली होती. तो विषय पुन्हा निघाला नाही. त्यानंतर दोनच आठवड्यांत सुनंदा हॉस्पिटलमध्ये गेली, ती परत आलीच नाही. मला तेव्हा तिचा रागच आला होता. एवढी शहाणी बाई, आणि शेवटचे दिवस या हट्टात घालवले!

शोकसभा घरीच होती. मिलिंदने आजाराच्या आधीचा, हिरव्या साडीतला हसरा फोटो मोठा करून घेतला होता. त्याला हार घातलेला. माणसं वाढली, खुर्च्या कमी पडल्या, म्हणून दोघंजण घडीच्या खुर्च्या आणायला बेसमेंटमध्ये गेले आणि भलत्या उत्साहात चित्रही वर घेऊन आले. "अहो, हे कशाला आणलंत?" एक काकू पुटपुटल्या. "भीती वाटते बघून." कोणीतरी समजूतदारपणे चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मिलिंद मान खाली घालून बसला होता. मी उठणार, तेवढ्यात इरा उठली. आता ही ते फाडणार, असं मला वाटलं.

तिने चित्र उचललं आणि फिरवून सरळ केलं. खाली ठेवलं नाही, छातीशी धरून उभी राहिली. तिच्या हनुवटीखाली आईचा तो लांबट, गेरूचा चेहरा. "डोन्ट टर्न हर अराउंड," ती म्हणाली. एक बाई उरलेला हार घेऊन पुढे झाल्या, तशी ती मराठीत म्हणाली, "हार नको. तो फोटोला." मी तिथे सगळ्यांसमोर हमसून रडले. सुनंदाला हे दिसायला हवं होतं. अवघे दहा दिवस आधी.

फोटो हॉलमध्ये आहे, हारासकट. चित्र इराने स्वयंपाकघरात लावलंय, शेगडीच्या समोरच्या भिंतीवर. गेल्या रविवारी गेले, तेव्हा ती चहा करत होती. बाहेरचं सगळं तोंडपाठ सांगितल्यासारखी बोलत होती... गणिताची टेस्ट, बसमधली भांडणं, कोणीतरी कॅन्सल केलेली पार्टी. मला वाटलं, मलाच सांगतेय, म्हणून मी मधल्या टेबलाला टेकून मान डोलवत होते. थोड्या वेळाने ती बोलायची थांबली.

"मावशी, थोडी सरक ना," ती म्हणाली. "यू आर इन द वे. आईला मी दिसत नाहीये."

मी सरकले.