नंबर बघितला का?

आमच्या चाचांनी आजवर एकाही यंत्राला नालायक म्हटलेलं नाही. माणसांबद्दल मात्र त्यांची मतं कडक आहेत, आणि त्यातली बरीचशी माझ्याबद्दल आहेत. ती खरी आहेत, ही आणखी वाईट गोष्ट. कळंबच्या बसस्थानकामागं माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. फॉर्म भरणं, दाखले काढणं, प्रिंट मारणं, असलं. चाचा टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवसापासून माझ्याकडच्या स्टुलावर येऊन बसू लागले. मी बोलावलं नव्हतं. पण दुकान चालतं ते त्यांच्यामुळं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

उभी हयात त्यांनी खांबावरच्या डब्यात तारांच्या जोड्या लावल्या. शेकडो सारख्या तारांतून नेमकी जोडी हुडकायची आणि तिला चिठ्ठी बांधायची. ती सवय सुटली नाही. प्रिंटर येवो की कॅमेरा, चाचा आधी तो उताणा करतात, भिंगातून त्याचं पोट वाचतात, मग संगणकाच्या यादीत शिरून त्याचा आतला नंबर काढतात आणि पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून त्यालाच चिकटवतात. त्या नंबराचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला ते यंत्र ओळखायला शिकवणारा प्रोग्राम, मिळाला तरच पुढचं बोलणं. “वरचं नाव कंपनी छापती, बाबा. एकाच नावाच्या दोन डब्यांत दोन येगळ्या चिपा असत्यात. आतला नंबर खोटं बोलत न्हाय.” मिळालेले ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्ये, त्यांची नोंद डायरीत, आणि पेनड्राइव्ह चाचींच्या शेवयांच्या डब्यात. घरी छत्रीवर पट्टी, मिक्सरवर पट्टी, चष्म्याच्या घरावर पट्टी. चाची म्हणतात, “शुकर है, मेरे माथे पे नई चिपकाए अब तक.”

संगणकानं पिवळी खूण दाखवून ‘अनोळखी उपकरण’ म्हटलं की ते चाचांच्या जिवाला लागतं. “दारात आलेल्याला अनोळखी म्हणतंय, ये क्या तरीका हुआ? ते बिघडलेलं न्हाय. त्याला कुणी वळखलं न्हाय, एवढंच.”

माझा स्वभाव उलटा. पडद्यानं काहीही विचारलं की मी ‘होय’ दाबतो. एकदा सगळे ड्रायव्हर आपोआप शोधून देणारा फुकटचा प्रोग्राम घेतला, तेव्हा दुपारपर्यंत प्रिंटर, कीबोर्ड आणि माउस तिघंही मौनात गेले. पण माझी खरी करामत वेगळीच. दुकानात डोळ्याची बुबुळं वाचणारं एक जुनं यंत्र होतं. दिवाळीच्या साफसफाईत ते मी लख्ख पुसलं आणि चाचांची ती कळकट पट्टी खरवडून काढली. पुढं संगणक सगळा पुसून नव्यानं भरला, तेव्हा त्याच नावाचा ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवला. ‘हा जुळणार नाही, तरी बसवू?’ असं पडद्यानं विचारलं. मी होय म्हणालो.

हयातीच्या दाखल्याच्या शेवटच्या दिवशी ईट गावच्या एक आजी लेकीबरोबर आल्या. त्यांचे मालक शाळेत शिपाई होते. त्यांच्या माघारी पेन्शनवरच सगळं. आज दाखला गेला नाही तर पेन्शन थांबणार. खुरपं आणि भाकरी यांनी बोटांवरच्या रेघा पार झिजवल्या होत्या. ठसे घेणाऱ्या यंत्रावर दहाही बोटं नापास झाली. डोळ्याचं यंत्र जोडलं, तर पिवळी खूण.

“म्या जिती हाय का न्हाय, हे त्या डबड्याला इचारायचं व्हय?” आजी म्हणाल्या. मला तोंड वर करवेना.

चाचांनी यंत्र उताणं केलं. पट्टीच्या जागी नुसता गोंदाचा डाग. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. आधी माझा चुकीचा ड्रायव्हर उपटला. यादीतून नंबर काढला, डायरीत बोट फिरवत तो गाठला आणि घरी फोन करून शेवयांचा डबा मागवला. चाची स्वतः घेऊन आल्या. तासाभरानं यंत्र जागं झाल्याचा लाल दिवा लागला.

“डोळा उघडा ठेवा, माय. आता त्याची वळख पटली, ते तुमची पटवील.”

हिरवी खूण आली. “झाले का म्या जिती?” आजींनी विचारलं. चाचांनी मान डोलावली, आणि पहिलं काम केलं ते नवी पट्टी लिहिण्याचं.

यंदा चाचा स्वतःच्या दाखल्याला आले आणि स्टुलाऐवजी गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांचं येणं कमी झालंय. तरीही बारीक अक्षर दिसत नाही. अंगठा लागेना. डोळ्याचं यंत्र काढलं, तर नव्या संगणकाला ते पुन्हा अनोळखी.

मी ते उताणं केलं. त्यांच्याच भिंगातून त्यांचंच अक्षर वाचलं, यादीतल्या नंबराशी एकेक अक्षर ताडलं, मग डब्यातला पेनड्राइव्ह लावला. पडद्यानं काहीतरी विचारलं. मी थांबून वाचलं.

“नंबर बघितला का?”

“बघितला, चाचा.”

लाल दिवा लागला, मग हिरवी खूण. “मंजे हाय म्या अजून,” ते हळूच म्हणाले. मग यंत्राकडं बोट केलं. “पट्टी पुसट झाली असंल. आता तुझ्या हातानं लिही.”

मी लिहिली, चिकटवली आणि यंत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांना ती वाचता येणार नव्हती. ठशांच्या यंत्रानं नाकारलेला तो अंगठा त्यांनी पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवला, कडा नीट बसल्यात का ते बघत.